लग्नपत्रिकेवरचा थेंब

आमच्या घरात मीठ कधी विकत आणलं नाही. बाकी सगळं विकत आणावं लागायचं, आणि बऱ्याचदा ते आणलंच जायचं नाही. बाबा पेणच्या खाडीकडच्या मिठागरात कामाला होते, आईसुद्धा. बाबा लाकडी फावड्याने वाफ्यातलं मीठ ओढायचे, आई ते पाटीत भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायची. तिच्या टाळूवर मधोमध एक जागा केसांशिवाय होती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आईला ती असते. बाबांच्या पायांच्या भेगांत मीठ शिरायचं. संध्याकाळी ते गोड्या पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचे आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. पावसाळ्यात मिठागर बंद. मग दोघं दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायची, आणि लावणी संपली की घरात नुसती पेज.

त्या घरातून मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. माझ्या आधी आमच्यात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण त्या डिग्रीचा मी एकदा काय उपयोग केला, तेही सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्याबद्दल मी एकदा लिहिलं होतं, खाली सही करून, डिग्रीसकट. ते खोटं होतं. आता पुन्हा कागदावर त्यांचं नाव घालायचा मला हक्क नाही. हायवेवर सगळे त्यांना पत्रिकावाले काका म्हणत, तेवढं पुरे.

पेणहून जाताना गडब गावाच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. बोर्डावर एकच शब्द, 'गियरबॉक्स'. कोणी येऊन म्हणालं, "काका, ब्रेक बघता का जरा," की ते म्हणायचे, "बोर्ड वाचा." माणूस बाहेर जाऊन वाचून यायचा. "वाचलात? मंग?"

पूर्वी ते रोह्याच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीतून निवृत्त झाले पण शिफ्टमधून नाही. रोज रोह्याहून स्कूटरने आठ वाजता यायचे, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला हजेरीपट काढायचे आणि त्यात स्वतःची सही करायचे. हजेरीपटावर कामगार एकच. रेल्वेचं फाटक बंद असल्यामुळे उशीर झाला तर स्वतःच्या नावापुढे 'लेट' लिहायचे. तीनदा लेट झालं की अर्धा दिवस कापायचे, म्हणजे त्या दिवशी दुपारी एकला शेड बंद करून घरी जायचे. बाहेर गाडी उभी असली तरी.

"काका, अहो मालक तुम्हीच ना?" मी एकदा विचारलं.

"मालक हाय म्हणून तर कापतो. दुसऱ्या कोणी कापला असता तर मी भांडलो नसतो का?"

पत्रिकांचं असं होतं. गियरबॉक्समधून ते चमचाभर तेल काढायचे आणि त्यातला एक थेंब जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टाकायचे. पत्रिका दिवसभर खिडकीत ठेवायची. थेंब पसरायचा. तेल चांगलं असेल तर फिकं, सारखं वर्तुळ. जळलं असेल तर मधे काळा ठिपका आणि कडेला तपकिरी रेघ. पाणी गेलं असेल तर कड फाटल्यासारखी. उरलेलं तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, वर गाडीचा नंबर लिहून फळीवर. पत्रिका खोक्यात. त्या खोक्यांत आजूबाजूच्या गावांतली अर्धी लग्नं होती, प्रत्येकाच्या पाठीवर कोणत्या तरी गाडीचा डाग. त्यामुळे लोक त्यांना आठवणीने पत्रिका द्यायचे. ते लग्नाला जायचे नाहीत. पत्रिका हातात घेऊन बोटांनी चोळायचे आणि म्हणायचे, "चकचकीत काढलीस रे. ही तेल पीत नाय."

गाडीत बसताना ते चपला बाहेर काढून ठेवायचे. गाडीवाल्यांना वाटायचं काका आपल्या गाडीला मान देतात. तसं काही नव्हतं. गाडी मालकाने चालवायची, काका शेजारी डोळे मिटून, अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवून बसायचे. वडखळच्या बाजूला एक चक्कर. तेवढ्यात कोणी बोललं तर गाडी थांबवून उतरायचे आणि चालत परत यायचे. हे मी दोनदा पाहिलंय.

माझी त्यांची ओळख आमच्या पार्ट्सच्या खिडकीवर झाली. डिग्रीनंतर पेणजवळच्या एका कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मला सर्व्हिस ॲडव्हायझरची नोकरी लागली होती. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्ड भरायचं, गाडी का बिघडली त्याचा रिपोर्ट लिहायचा. बाहेरचे मेकॅनिक आमच्याकडे सहसा तेल घ्यायला येत नसत, बाजारातलं वापरत. हे एकटे यायचे, तेलाचा कोड तळहातावर पेनाने लिहून. सीव्हीटी गियरबॉक्सचं तेल पाहिजे म्हणाले, तेव्हा मी जरा हसून विचारलं, "काका, सीव्हीटी म्हणजे काय माहीत आहे ना?"

"तुला माहीत हाय?"

मी कॉलेजात पाठ केलेली व्याख्या सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "बरोबर. कधी उघडून बघितलीस?"

मी बघितली नव्हती.

"मंगळवारी तुझी सुट्टी. ये."

मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. त्यांनी जेवणाच्या स्टीलच्या चार ताटल्या काढल्या. दोन ताटल्या पाठीला पाठ लावून धरल्या, मधे खाच झाली. दुसऱ्या दोन मला तशाच धरायला लावल्या आणि दोन्ही खाचांवरून एक जुना पट्टा घातला. "आता तुझ्या ताटल्या जवळ आण." मी आणल्या. पट्टा वर चढला. त्यांनी स्वतःच्या लांब केल्या, तिकडे पट्टा खाली उतरला. "हेच. दात नाय, पायऱ्या नाय. म्हणून गाडी झटका न देता पळते. आमच्या कंपनीत मिक्सरला असाच पट्टा होता. आणि तू आलीस ती स्कूटर? तिच्यात पण हीच. अर्ध्या रोह्याच्या बायका सीव्हीटी चालवतात, त्यांना कोणी सांगितलं नाय एवढंच." मग ताटल्या पुसून त्यांनी त्यातच भाकरी वाढली. दुसरी मला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी तिकडेच असायचे. त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही, म्हणून बाटल्यांची लेबलं मी लिहायला लागले. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेपासून. ते लेबल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "इंजिनेरच्या हातचं हाय."

जे शिकले ते तिथे शिकले. अलिबागकडच्या एका गृहस्थाची गाडी आली होती. तक्रार अशी की चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. काकांनी चक्कर मारली, उतरले, चपला घातल्या. "काय नाय हिला. सीव्हीटी अशीच बोलते. पाय हलका ठेवा." बोनेटही उघडलं नाही. गृहस्थ नाराज झाले. त्यांना काहीतरी खोलून पाहिजे होतं.

"ही गियरबॉक्स वाईट नाय गो," ते गेल्यावर काका म्हणाले. "लोकांना वाटतं नाजूक हाय. हिला तीनच गोष्टी चालत नाय. ताप, पाणी आणि परकं तेल. साध्या गियरबॉक्सात तेलाचं काम सरकवायचं. हिच्यात तेलाला दोन कामं. सरकव पण आणि धर पण. लोखंडी पट्टा दोन पुल्यांच्या मधे तेलाच्या भरोशावर धरलेला हाय. तेल चुकलं की पट्टा घसरणार, घसरला की पुलीला ओरखडे, आणि ओरखडे आले की संपलं. पुली घासून सरळ होत नाय."

"पण पुस्तकात लिहिलंय तेल लाइफटाइम आहे म्हणून."

"कोणाच्या लाइफचा टाइम, ते लिहिलंय का?"

आता गोष्टीवर येते. इतका वेळ टाळत होते.

रोह्याच्या एक बाई होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे अजूनही त्यांना सिस्टर म्हणत. डावा गुडघा वाकत नसल्याने क्लच दाबता येत नव्हता, म्हणून त्यांनी बिनक्लचची सीव्हीटी गाडी घेतली होती. गाडी जागेवरून सुटताना थरथरते म्हणून त्या काकांकडे गेल्या. काकांनी थेंब टाकला. तपकिरी कड. तेल म्हातारं झालेलं, बाकी सगळं ठीक. तेल बदललं की काम झालं. पण काकांनी हात लावला नाही. म्हणाले, "सिस्टर, गाडी वॉरंटीत हाय. मी खोललं तर उद्या तुमचे कागद बिघडतील. पेणला कंपनीत जा. तिथे आपली इंजिनेर हाय."

म्हणजे ती गाडी माझ्याकडे त्यांनीच पाठवली.

त्याच्या चार दिवस आधी, पावसाळा सरता सरता, उधाणाचं पाणी आमच्या स्टोअरमध्ये शिरलं होतं. खाडीकाठचं वर्कशॉप, दर पावसाळ्यात एकदोनदा हे व्हायचंच. पाणी ओसरलं तेव्हा तेलाच्या ड्रमांची लेबलं सुटून चिखलात पडलेली. सगळे कपाळाला हात लावून उभे. मी म्हटलं, "सरका. मी मिठागरातली आहे, मला पाण्याचं सांगू नका." खडू घेतला आणि कुठला ड्रम कुठे होता ते आठवून प्रत्येकावर नाव लिहिलं. मॅनेजर सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं." शेवटचे दोन ड्रम शेजारी शेजारी होते. एक सीव्हीटीच्या तेलाचा, एक साध्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या तेलाचा. झाकण उघडून रंग बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. सगळे बघत होते. मला आठवतंय असं मला वाटत होतं, आणि मी न बघता लिहिलं.

दोन नावं उलटी पडली. सिस्टरच्या गाडीत साध्या ऑटोमॅटिकचं लाल तेल गेलं. जॉब कार्डावर सही माझी. त्या ड्रमांतलं तेल महिनाभरात तेवढ्या एकाच गाडीत गेलं.

महिन्याभराने सिस्टर पेणला येत असताना गाडी गडबजवळ जोरात हिसके देऊ लागली, आतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. त्यांनी ती कशीबशी काकांच्या शेडपर्यंत नेली. काकांनी खालचा बोल्ट सैल करून चमचाभर तेल काढलं. पत्रिकेवर गुलाबी वर्तुळ पसरलं. सीव्हीटीचं तेल हिरवट असतं. त्यांनी बोल्ट घट्ट केला, आत काहीही भरलं नाही, आणि सांगितलं, "चालवू नका. दोर लावून ओढू पण नका, ओढली तर उरलेला पट्टा जाईल. टेम्पोवर चढवून कंपनीत न्या. आणि त्यांना सांगा, तेल दुसरंच पडलंय, ड्रम तपासा."

सिस्टरनी तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. मी ऐकलं आणि गिऱ्हाइकाला पाणी देते म्हणून आत स्टोअरमध्ये गेले. ड्रमचं झाकण काढलं. बोट बुडवलं. लाल. शेजारच्यात हिरवट. मी तिथेच पडलेलं ओलं फडकं घेतलं, दोन्ही नावं पुसली आणि बरोबर लिहिली. मग पाणी घेऊन बाहेर आले.

गियरबॉक्स उघडला. पट्ट्यावर आणि पुलीवर ओरखडे. सगळा बदलावा लागणार होता. आमची चूक असेल तर वर्कशॉपने बदलून द्यायचा. सरांनी खालच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा पाहिल्या. "हा बाहेर उघडलाय. सिस्टर, कोणी उघडला?" सिस्टर खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी सांगितलं. सर माझ्याकडे वळले. "मग झालं. बाहेरच्याने तेल घातलं. लिही रिपोर्ट."

"सर, त्यांनी फक्त थोडं काढलं म्हणतात."

"तू बघितलंस काढताना?"

"नाही."

"मग लिही. तू इंजिनिअर आहेस, तुझ्या सहीला वजन आहे."

मी प्रोबेशनवर होते. पुढच्या महिन्यात मला पक्कं करायचं होतं. घरी आईची पाटी अजून सुटायची होती. ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगितली आहेत. त्या वेळी मला खरं तर एकच भीती होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर खडू घेऊन मिरवले होते, आता सगळ्यांसमोर म्हणावं लागेल की मी चुकले. मी लिहिलं, 'बाहेरील मेकॅनिकने अयोग्य तेल भरल्यामुळे गियरबॉक्स निकामी झाला आहे.' खाली नाव, आणि नावापुढे बी.ई. मेकॅनिकल.

गाडीखाली काका काय करत होते ते सिस्टरना दिसलं नव्हतं; इंजिनिअरची सही बघून त्या काकांवर संतापल्या आणि त्यांनी रिपोर्टचा फोटो काकांच्या नावासकट सगळीकडे पाठवला. पेण आणि रोह्याचे व्हॉट्सॲप ग्रुप फिरून दोन दिवसांत तो माझ्याच फोनवर आला. गावातल्या एकाने खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावची मुलगी. बघा कशी चोरी पकडली.' बाबांना वाचता येत नाही. त्यांनी तो फोटो माझ्या भावाकडून स्वतःच्या फोनमध्ये घेतला आणि मिठागरात दाखवत फिरले. "ही खालची माझ्या पोरीची सही."

आठवड्याने काका वर्कशॉपला आले. पहिल्यांदाच तेल घ्यायला नाही. हातात दोन पत्रिका. एकीवर सिस्टरच्या गाडीचा आधीचा तपकिरी थेंब, दुसरीवर नंतरचा गुलाबी. काउंटरवर माझ्यासमोर त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"मी भरलं असतं तर दुसऱ्या थेंबाला तुमच्या हिरव्या तेलाची थोडी तरी कड आली असती. चमचाभर भरून अख्खं तेल लाल होत नाय. ड्रममधला एक थेंब दे. बाजूला टाकतो. बस."

मागे गिऱ्हाइकं बसली होती. सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

मी म्हणाले, "बाहेरच्या माणसांना आत सोडायची परवानगी नाही."

'काका' म्हटलं नाही. ज्यांच्या ताटलीत मी भाकरी खाल्ली होती त्यांना मी बाहेरची माणसं म्हणाले.

स्टोअरच्या दाराला काच आहे. ते काचेजवळ गेले आणि डोळ्यांवर हात धरून आत बघत राहिले. बाकीच्या ड्रमांवरचा खडू महिन्याभराच्या धुळीने मळला होता. दोन नावं तेवढी पांढरीशुभ्र, खाली ओल्या फडक्याचे ओघळ. ते वळले. आवाज न वाढवता, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं.

"अक्षर तुझंच ना गो?"

मी काउंटरवरचं जॉब कार्ड सरळ केलं. सर पुढे आले. "काय म्हणताहेत हे?"

"काय नाय साहेब," काका म्हणाले. "अक्षर चांगलं हाय म्हटलं."

पत्रिका उचलून ते गेले. सरांना एक वाक्य सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी ते सांगितलं नाही, आणि का नाही सांगितलं हे मला आजही नीट कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात मला पक्कं केलं. आईची पाटी सुटली, बाबांचं फावडंही. मी मंगळवारी गडबला जाणं बंद केलं. बसमधून जाताना शेड आली की फोनमध्ये बघायचे. तरी दिसायचंच. बाहेर एकही गाडी नसायची, दार मात्र उघडं.

असे दहा महिने गेले. भावाचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या. आई म्हणाली, "त्या गडबच्या काकाला पयली दे गो. त्याला कागदाची आवड हाय, तूच सांगायचीस ना?"

"दादा देईल." रिपोर्टातला मेकॅनिक म्हणजे तेच काका, हे घरी मी सांगितलं नव्हतं.

"दादा का? भाकरी तू खाल्लीस त्याच्याकं."

गेले. काका आत स्टुलावर बसले होते. समोर हजेरीपट. मी पाहिला, त्यांनी झाकला नाही. रोजची सही होती, आठची. सहीपुढे रोज तेच दोन शब्द, 'काम नाही'. पानंच्या पानं. मधे दोन ठिकाणी 'लेट' आणि एक कापलेला अर्धा दिवस.

त्यांनी पत्रिका घेतली, बोटांनी चोळली. "ही चांगली हाय. पिईल तेल." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "पण थेंब कुठला टाकू?"

मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं. पत्रिका उलटी केली आणि लिहिलं. 'ड्रमवर खडूने नाव मी लिहिलं. न बघता लिहिलं, चुकीचं लिहिलं. सिस्टरच्या गाडीत चुकीचं तेल आमच्या वर्कशॉपने भरलं. हे कळल्यावर मी खडू पुसला आणि खोटा रिपोर्ट दिला.' खाली सही केली. माझ्या आयुष्यात तेवढ्याच ओळी वाईट अक्षरात आहेत.

काकांनी ती लांब धरून वाचली. सावकाश, ओठ हलवत. आणि मला परत दिली.

"मला काय देतेस? मला माहीत हाय. जिला माहीत नाय तिला नेऊन दे."

"काका, माझी नोकरी..."

"माझी हजेरी बघितलीस ना आता?"

तेवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिथूनच रोह्याची बस धरली. सिस्टरनी दार उघडलं, पाय ओढत आत गेल्या, चष्मा आणून वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी त्यांना बाजारात चोर म्हटलंय. मासळी घेत होते ते. पिशवी तशीच ठेवून गेले." पत्रिका मला परत देत म्हणाल्या, "ज्या ज्या ग्रुपवर ते गेलं, त्या त्या ग्रुपवर हे जायला पाहिजे. मी नाही पाठवणार. तू पाठव. तुझ्या नावाने."

त्यांच्या समोरच बसून मी पत्रिकेचा फोटो काढून पाठवला. आमच्या गावच्या ग्रुपवरसुद्धा. सर्वात जास्त वेळ तिथे लागला.

सर म्हणाले, "मिटलेलं प्रकरण होतं, तुला वेड लागलंय का?" वर्कशॉपच्या मालकांनी मात्र सिस्टरना नवीन गियरबॉक्स बसवून दिला. मला काउंटरवरून काढून स्टोअरमध्ये टाकलं, त्याच ड्रमांपाशी, दीड वर्ष. माझी तक्रार नव्हती. घरी बाबांना सांगावं लागलं. त्यांनी फोनमधला तो जुना फोटो काढला, माझ्यापुढे धरला.

"म्हणजे ही सही खोटी?"

"सही खरी आहे बाबा. वरचं खोटं आहे."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बादलीत पाय घालून बसले. मिठागर सुटून वर्ष होत आलं होतं, पायांना आता त्याची गरज नव्हती. त्या दिवशीही त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

लोकांना पहिला फोटो लक्षात राहिला, दुसरा राहिला नाही. काकांकडे दोनचार गाड्या परत आल्या, त्याने शेड चालण्यासारखी नव्हती. ती त्यांनी बंद केली. आता ते रोह्यात घराच्या ओट्यावर बिनगियरच्या स्कूटर दुरुस्त करतात. बोर्डावर तोच एक शब्द. बायका येतात आणि काका त्यांना चार ताटल्या काढून सीव्हीटी समजावतात. मी माझी स्कूटर तिथेच नेते. पहिल्यांदा नेली तेव्हा चपला काढून मागे बसले, मला गल्लीतून एक चक्कर मारायला लावली आणि उतरून म्हणाले, "पट्टा घसरतो हाय. ठेवून जा. संध्याकाळी सहानंतर नको येऊ, शिफ्ट सुटते." इंजिनेर म्हणाले नाहीत. अजून म्हणालेले नाहीत. मीही वाट बघते असं त्यांना दाखवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. मुलाखतीत खडूची गोष्ट मी आधीच सांगितली. आता तिथल्या गियरबॉक्स विभागाची मी प्रमुख आहे. ड्रमांवर नावं रंगाने घातलेली आहेत आणि तरीही तेल काढण्याआधी झाकण उघडून रंग बघितला जातो. प्रत्येक गाडीच्या जुन्या आणि नव्या तेलाचा एकेक थेंब पत्रिकेच्या पाठीवर टाकून, नंबर लिहून, खोक्यात ठेवतो. पत्रिका मी गावातून गोळा करते, चकचकीत घेत नाही. मी तिथे गेल्यापासून आमच्याकडून चुकीचं तेल घालून एकही गाडी बाहेर गेलेली नाही.